उत्तर काढणार नाही जी

राइस मिलमधून धान उकडल्याचा आंबूस वास आला, की मला गोंदियातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली ती दुपार आठवते. काउंटरवर मिलचा कोंडा उडून बसला होता. ऑनलाइन मदतीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकून विचारलं होतं, की कॉम्प्युटर सारखा बंद का पडतो. ग्रुपमधल्या एका जुन्या, वजनदार माणसानं पॉवर सप्लाय बदलायला सांगितलं. मी लिहिलं, आधी पंख्यातली धूळ काढून बघा. माझं नाव-गाव बघून तो भडकला. "खेड्यातल्या पोरींनी इथं अक्कल शिकवू नये. उत्तर काढून टाक." शेजारी बसलेला माझा भाऊ म्हणाला, "काऊन ऐकून राहिली तू? दे ना एक शिवी!" शिवी ओठांवर होतीच. पण मी टाइप केलं, "तुमचंही बरोबर असेल जी, पण मी उत्तर काढणार नाही जी." त्यानं विचारलं, "हे जी-जी काय? घाबरलीस?" मी लिहिलं, "नाही जी. आमच्याकडे भांडतानाही समोरच्याला जी म्हणतात." कोणाचा उपाय लागू पडला, हे विचारणाऱ्यानं कधी कळवलंच नाही. नाही तर नाही. माझं उत्तर अजून तिथंच आहे, त्याच्या उत्तराच्या अगदी खाली, आणि त्याखालच्या भांडणातला माझा एकही जी मी खोडलेला नाही.