जुळणारी नावं

ओळख करून दिली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "पूर्ण नाव?" मान किंचित तिरकी, चष्मा कपाळावर. नुसतं पहिलं नाव सांगून सुटका नाही. वडिलांचं नाव, आडनाव, आणि बायकांचं लग्नाआधीचंही. सिंगापूरला, सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये त्यांनी मला तसं विचारलं तेव्हा मी चिडलेच होते. या गृहस्थाला माझ्या माहेरच्या आडनावाशी काय करायचंय?

पुढच्याच आठवड्यात ते मला ऑफिसात दिसले. वन-नॉर्थच्या आमच्या कंपनीत नावं जुळवणं हेच त्यांचं काम होतं. बँकांकडे एकेका गिऱ्हाइकाची चार स्पेलिंगांनी चार खाती असतात. तो एकच माणूस की चौघं वेगळे, हे ओळखणारं सॉफ्टवेअर ते बनवत आणि त्याची माहितीपुस्तकं मी लिहीत असे. सोलापूरचा माणूस, पुण्यात पंधराएक वर्षं काढून इथे आलेला. सकाळी आम्ही एकाच एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जायचो.

हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईतला, कोपी विकणारा कॉफीवाला आम्हा सगळ्यांसाठी नुसता अंकल होता. यांनी त्यालाही गाठलं.

"टॅन," अंकल म्हणाला.

"टॅन काय?"

"टॅन लाह! इथे सगळेच टॅन." वाक्याला "लाह" जोडायची ही इथली रीत.

"म्हणून तर विचारतोय. कुठला टॅन?"

अंकलनं हसत आपल्या नावाचे तिन्ही शब्द सांगितले. त्या दिवसापासून ते त्याला तिन्ही शब्दांनी हाक मारत, आणि त्यांच्या कोपीत कंडेन्स्ड मिल्कचा चमचा जरा जास्त पडे.

त्यांचं स्वतःचं नाव पासवर, म्हणजे इथे काम करायच्या परवान्यावर, एक होतं, बँकेच्या कार्डावर दुसरं, विजेच्या बिलावर तिसरं. कुठे वडिलांचं नाव आडनाव झालेलं, कुठे आडनाव गायबच. "आमच्या घरात माझ्याच नावाचे आम्ही तिघं राहतो," ते पाहुण्यांना सांगत. "तिघांपैकी एकानं तरी भांडी घासा," वहिनी आतून म्हणत.

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. थोडा चक्रम, निरुपद्रवी. आम्हीही त्यांना तेवढंच समजत होतो, अमेरिकेचं काम येईपर्यंत.

तिथल्या दक्षिणेकडच्या एका राज्याला निवडणुकीआधी मतदारयादी साफ करायची होती. तिकडच्या एका कंपनीनं ते काम घेऊन आमच्याकडे सोपवलं होतं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला त्या राज्यात मत देता येत नसे. एका बाजूला मतदार, दुसऱ्या बाजूला शिक्षा झालेले. दोन्हीकडे जुळतील ती नावं आम्ही काढून द्यायची. जुळवण्याचा नियम तिकडूनच सुचवून आला होता. आडनावाची बहुतेक अक्षरं जुळली तरी पुरे. जन्मसाल थोडं इकडेतिकडे चालेल. बापलेकाचं नाव एकच असलं की पुढे लावतात ते ज्युनियर, सीनियर बघू नका.

नमुन्याची नावं त्यांनी दिवसभर वाचली. दुपारी डबा उघडला नाही.

"बाप तुरुंगात जाऊन आलाय," ते मला म्हणाले. "मत मुलाचं जाणार. नाव जुळलं म्हणून माणूस जुळतो होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडच्या कंपनीच्या लोकांशी फोनवर बैठक होती. आमचा मॅनेजर मुंबईचा, आता इथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, अमेरिकन गिऱ्हाइकाशी फार मऊ बोलायचा. त्याचं बोलणं मध्येच तोडून यांनी विचारलं, "मत कुणाला आहे हे तुमच्याकडे कोण ठरवतं?"

"राज्य," पलीकडचा माणूस म्हणाला. "वॉशिंग्टन काही मोठ्या चौकटी घालून देतं. बाकी मतदार कोण, केंद्रावर कुठलं ओळखपत्र दाखवायचं, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं."

"आणि यादीतून नाव कोण काढतं?"

"काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, कचेरी."

"ती आधी चौकशी करते?"

"करायला हवी. पण माणसं कमी आहेत. राज्याकडून आलेली यादी कचेऱ्या सहसा मानतात."

"आणि राज्य?"

"राज्याचा तुमच्यावर विश्वास आहे," तो मोकळेपणानं हसला.

फोन बंद झाला. कुणी उठलं नाही.

"म्हणजे आपण ठरवतोय," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "इथे बसून. आपल्यातल्या एकाला तरी त्या देशात मत आहे का?"

"आपण सॉफ्टवेअर करतो, राजकारण नाही," मॅनेजर म्हणाला. मग खुर्ची जवळ ओढून त्यानं आवाज खाली आणला. "तुमचा पास रिन्यूला आलाय ना? मुलीचं दहावीचं वर्ष आहे. जरा विचार करा."

त्यांनी खरंच विचार केला. चार-पाच दिवस केला. नियम कडक करावा म्हणून दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही वेळा गिऱ्हाइकाला तसाच हवाय असं उत्तर आलं. मग एका सकाळी बोना व्हिस्टा स्टेशनला उतरल्यावर ते ऑफिसच्या वाटेनं न जाता सार्वजनिक फोनकडे वळले. खिशातून परदेशी फोनचं कार्ड काढलं. मी विचारलं तर म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा." मी गेले नाही.

नमुन्यातला एक माणूस त्यांनी शोधला होता. त्याच नावाचा दुसरा कुणी कधीकाळी तुरुंगात गेलेला. हा मात्र म्हातारा न्हावी, साध्या पोलीसचौकीतही न गेलेला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला ऐकू येत होता.

"सर, मतदानाआधी तुमच्या काउंटीच्या कचेरीत जाऊन या," हे म्हणाले. "तुमचं नाव निघण्याची शक्यता आहे."

"माझं? का?"

यांनी सांगितलं.

"माझ्या बापाला काळा म्हणून मत देऊ दिलं नव्हतं," म्हातारा मग हळू म्हणाला. "त्याला वाचायला लावायचे, अवघड अवघड प्रश्न विचारायचे. मला दिलं, तेव्हापासून मी एकही निवडणूक चुकवलेली नाही. आता पुन्हा? कोण म्हणतं मी गुन्हेगार आहे?"

यांनी पुन्हा कचेरीचंच सांगितलं, लवकर जा म्हणून.

"तुम्ही कुठून बोलताय?"

"सिंगापूर."

"सिंगापूर!" म्हातारा म्हणाला. "तुमचं नाव काय, साहेब? पूर्ण नाव सांगा."

लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरमध्ये, दिसेल त्याला नाव विचारणारा हा माणूस. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी फोन ठेवून दिला आणि हात पॅंटला पुसले.

म्हातारा खरंच कचेरीत गेला. यादी यायच्या आधीच त्यानं भांडून आपलं नाव काढणार नाही असं लिहून घेतलं, आणि सिंगापूरहून एका भल्या माणसानं मला सावध केलं, असंही कौतुकानं सांगितलं. ती गोष्ट कचेरीतून राज्याकडे, राज्याकडून अमेरिकेतल्या कंपनीकडे आणि तिथून आमच्या मॅनेजरच्या टेबलावर आली. नियमाविरुद्ध दोनदा लिहिणारा आमच्याकडे एकच होता. गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून त्यांना त्याच दिवशी काढलं. पास रद्द झाला. जो नियम त्यांनी सही न करता अडवला होता, त्याला दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाताखालच्या माणसानं मान्यता दिली.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा खोक्यांना चिकटपट्टी लावणं चाललं होतं. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. तिची परीक्षा आता पुण्यात कुठल्या शाळेत, कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबा, यू कॉल्ड ओन्ली वन पर्सन," ती म्हणाली. "जायचंच होतं, तर सगळ्यांना कॉल करायचा लाह."

वहिनी तिला दटावायला निघाल्या. त्यांनी हातानं थांबवलं.

"बरोबर बोलतेय ती," ते म्हणाले. "माझी हिंमत एकापुरतीच होती."

निवडणुकीचे निकाल लागले तेव्हा आमच्याकडे सकाळ होती. पॅंट्रीतल्या टीव्हीपुढे सगळे जमले. ते राज्य आलं. दोन उमेदवारांतला मतांचा फरक पडद्यावरच्या खालच्या पट्टीत सरकत गेला. मॅनेजर कोपीचा कप हातात घेऊन उभा होता.

"आपण किती नावं दिली होती?" त्यानं विचारलं.

फरक आमच्या यादीहून लहान होता, आणि ते तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्यानं रिमोट घेऊन आवाज बंद केला.

मी जिन्यात जाऊन पुण्याला फोन लावला. वहिनींनी उचलला.

"टीव्हीसमोर बसलेत," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून. चहा गार झाला. हाक मारली तरी बघत नाहीत."

"त्यांना देता का?"

वहिनींनी त्यांना विचारलेलं मी ऐकलं. ते आले नाहीत. फोनमधून फक्त बातम्या ऐकू येत होत्या. बाई तोच आकडा पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि त्यांच्या घरात कुणीही तिचा आवाज बंद करत नव्हतं.