नवरामुलगा बघायला विश्रामबागेत

आमच्या मनीला, म्हणजे माझ्या थोरल्या लेकाच्या पोरीला, मनीषाला, साताऱ्याच्या पाहुण्यांनी दोनदा बघितलं होतं. एकदा चालायला लावलं, एकदा केस सोडायला लावले. नवरामुलगा प्रसाद अमेरिकेत. त्याला आमच्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं. नव्याण्णव साल होतं ते. मी म्हटलं, आपली पोरगी एवढी चालून दाखवते, तर त्या पोरानं निदान उभं राहून दाखवावं की. लेक म्हणाला, "आई, ते अमेरिकेत हाय. तिथनं उभं ऱ्हायलं तर तुला दिसंल व्हय?" मी म्हटलं, मनी तर म्हणते विश्रामबागेत दिसतंय. झालं. शनिवारच्या एसटीनं मी निघाले.

आधी थोडं मागचं सांगते. मनी सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन कॉम्प्युटर शिकत होती. पाहुण्यांनी मुलाची माहिती दिली त्या कागदावर त्याचा इंटरनेटचा पत्ता होता. मनीनं धीर करून त्यावर पत्र टाकलं. दोन आठवडे काही नाही, मग उत्तर आलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ही कॅफेत जायची आणि टाइप करून त्याच्याशी बोलायची. तिकडं तेव्हा मध्यरात्र. एवढा जागतो माझ्यासाठी, म्हणून पोरगी भाळली होती. तोंडानं कबूल करत नव्हती, पण रविवार आला की नवीन ड्रेस. पाहुण्यांना होय की नाही ते त्याच महिन्यात कळवायचं होतं, आणि लेकानं ते माझ्यावर टाकलं होतं. कारण काय, तर आटपाडीच्या बाजारात बकरा निवडायचा तर आमच्या घरात माझाच हात. म्हटलं चला, हाही बघू.

कुणी आटपाडीवरनं सांगलीला एसटीनं जाणार असाल तर भिवघाटात उतरून चहा-भजी खाऊन घ्या, पुढं तसली मिळत नाहीत. घाटापर्यंत नुसती बाभळ आणि माळ. तासगाव जवळ आलं की दोन्ही अंगाला द्राक्षाचे मांडव, सगळं हिरवंगार. त्याच तिकिटात दुसऱ्या मुलखात आल्यासारखं वाटतं. माझ्या शेजारी एक बाई कोंबडा घेऊन बसली होती. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं तर ती म्हणाली, तो कुठं सीटवर बसलाय. मला पटलं. कंडक्टरला नाही पटलं.

रविवारी दुपारी कॅफेत गेलो. पाटी वाचून मला वाटलं होतं चहा मिळेल. चहा नाहीच, वर चपला बाहेर काढायच्या. आत देवळासारखा गारवा आणि प्लायवुडच्या खोपटात एकेक पोरगं पडद्याला तोंड लावून बसलेलं. तासाचा दर असा की त्यात आमच्याकडं कोंबडी आली असती, आणि ती मी म्हणेन तेवढा वेळ बसली असती. मी पिशवीतनं हळदीकुंकवाची डबी काढली. नवी वस्तू, सुवासिनीनं पहिल्यांदा बघायची, म्हणून. कॅफेवाला पोट सुटलेला गमत्या माणूस. तो म्हणाला, "आजी, पडद्यावर नको, खालच्या डब्याला लावा, तिथं सगळा जीव आहे." मग लावलं.

त्याची वेळ व्हायला अवकाश होता, म्हणून कॅफेवाल्यानं विचारलं, जगातलं काय बघायचंय. मी म्हटलं, मेंढरं. त्यानं कुठंकुठं दाबलं आणि न्यूझीलंड म्हणून एका देशाची मेंढरं काढली. चित्र एकदम येत नव्हतं. वरनं खाली, पदर हळूहळू सोडावा तसं. आधी आभाळ आलं, मग डोंगर, मग पाठी, आणि सगळ्यात शेवटी पाय. काय लोकर होती, डोळे झाकलेले. पण नाक चपटं. आमच्या माडग्याळी मेंढ्याचं नाक कसं पोपटासारखं पुढं येतं, त्यातलं काही नाही. मी म्हटलं, फुकट दिली तरी घेणार नाही. बाजूच्या खोपटातला पोरगा हसला. पण मनात आलं, मी उभ्या आयुष्यात कर्नाटकाच्या पुढं गेले नाही, आणि त्या मेंढरांच्या मालकाला कळलंसुद्धा नाही की मी त्याच्या माळावर येऊन नाकं बघून गेले.

मग म्हटलं, आता आपला बकरा काढा. त्याच्या कॉलेजाच्या पानावर त्याचा फोटो होता म्हणे. तोही वरनं खाली यायला लागला. केस आले, दाट. कपाळ आलं, रुंद. डोळे बरे, चष्मा. नाक निम्मं आलं आणि थांबलं. फोनची लाइन तुटली. पुन्हा जोडली, तर बोलायची वेळ झाली होती. फोटो ठेवून मनी टाइप करायला बसली.

आता हे टाइप करून बोलणं मला लगेच समजलं, कारण आमच्या बाजारात तेच चालतं. दोघं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव करतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण बोटं धरणाऱ्याला सगळं कळतं. कुणाला गरज आहे, कोण नुसता फिरायला आलाय. मनी मला प्रत्येक ओळ हळू आवाजात वाचून दाखवत होती. ही बोटं गरजवंताची होती. मनी एक ओळ टाकायची, तिकडनं चार यायच्या. जेवलीस का. अभ्यास झाला का. खोलीवर पाणी येतं का. एवढ्यापर्यंत ठीक. मग आलं, केसांना तेल कुठलं लावतेस. आणि मग, आजींचे गुडघे कसे आहेत.

मी मनीकडं बघितलं. मनी म्हणाली, किती काळजी घेतो ना.

मी म्हटलं, "इच्यार त्याला, दात कसं हाईत."

मनी लाजून मेली. मी म्हटलं, फोटो नाकावर अडकलाय, त्याला मी काय करू. दात बघितल्याशिवाय मी सौदा करत नाही. शेवटी तिनं टाकलं, आजी विचारते. उत्तर आलं, दात चांगले आहेत. मी म्हटलं, पहिला कधी आला ते विचार. हे मी मुद्दाम विचारलं बरं का. कुठल्या पोराला ठाऊक असतं आपला पहिला दात कधी आला ते?

तिकडनं ओळींवर ओळी पडायला लागल्या. सातव्या महिन्यात आला, खालचा. फार ताप होता, जुलाब होते, तीन रात्री मांडीवरनं खाली ठेवता आलं नाही. त्याआधी गोवर होऊन गेलेला, अंगावरचं दूध तुटलं, मग बकरीचं पाजलं, ते बाधलं नाही. मग बराच वेळ काही आलं नाही. आणि मग एक ओळ आली: असं आई सांगते.

मनीची बोटं थांबली. मी तिच्या कानात म्हटलं, "पोरी, ह्यो पोरगा न्हवं. ही पोराची आई हाय."

तिनं ते बंद केलं. बाहेर आलो. मी भेळ घेतली तर तिनं खाल्ली नाही, आणि सांगलीची भेळ समोर ठेवून न खाणं म्हणजे दुखणं मोठं. मग म्हणाली, आज्जे, तू उगीच बोलतीस. थोडं चालून गेल्यावर म्हणाली, उद्या साताऱ्याला जाऊ, मला खरं काय ते बघायचंय.

सोमवारी पहाटेची गाडी. इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बरीच थांबते, वडापाव घ्यायचा तर तिथंच घ्या, पण गाडीचा नंबर बघून उतरा. मी उतरले आणि भलत्याच गाडीत चढून बसले, ती निघाली होती चिपळूणला. मनीनं हात धरून उतरवलं आणि तेव्हा कुठं हसली.

पाहुण्यांकडं मी सांगितलं, मुलीकडच्यांनी घर बघायचं असतं, म्हणून आलो. माणसं आमच्यातलीच, पण दोन पिढ्या शहरात. प्रसादचे वडील फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, आवाज अजून परेडवरचा. ते लगेच कंदी पेढे आणायला राजवाड्याकडं गेले. त्याची आई कुमुदताई, कोर्टात टायपिस्ट होती. बारीक बाई, पण बोटं बघितलीत तर नुसती टाचणीसारखी चपळ. मी घर बघितलं. हंडे बघितले, देव्हारा बघितला, गच्चीवर जाऊन टाकीत डोकावले. मग चहा आला. मी बशीत ओतला, फुंकला आणि म्हटलं, "बाई, गोवर आल्यावर पोराला दूध पाजलं, ती बकरी कुणाची वं?"

तिच्या हातातला कप तिथंच राहिला. खाली पण ठेवेना, वर पण नेईना.

मी भांडायच्या तयारीनं आले होते. चार वाक्यं एसटीत जुळवून ठेवली होती, चांगली झोंबतील अशी. पण मनीनं मला बोलू दिलं नाही. तिनंच विचारलं, "काकू, त्यांना माझं नाव तरी ठाऊक आहे का?"

कुमुदताई म्हणाली, "तुझा फोटो पाठवलाय. उघडला की नाही, ते नाही सांगता येत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाचं विचारलं की प्रसाद बघू म्हणायचा, आणि सुभेदारांनी त्यालाच होय धरलं होतं. कागदावर दिलेला तो पत्ता त्याच्या नावानं तिनंच उघडला होता, साताऱ्यातल्याच पोवई नाक्याजवळच्या कॅफेत. मुलीचं काही आलं तर त्याला पुढं पाठवीन, एवढंच मनात होतं. मनीचं पत्र आलं ते तिनं पाठवलंही. त्याचं उत्तर नाही. इकडं मुलगी वाट बघत असेल म्हणून एकदाच, फक्त एकदाच लिहायचं ठरवलं.

"मग?" मनीनं विचारलं.

"मग तू एवढं सगळं लिहिलंस. खोलीचं, मैत्रिणींचं, पाण्याचं. मला असं कुणी लिहीत नाही गं. हा महिन्यातनं एक ओळ टाकतो, कामात आहे म्हणून."

 मनीच्या डोळ्यांत राग होता, चांगलाच होता, आणि तो बरोबर होता. तेवढ्यात सुभेदार पेढे घेऊन आले आणि दारातनंच म्हणाले, "मग आजी, कधीची तारीख धरायची?"

कुमुदताई फरशीकडं बघत होती. माझ्या तोंडात सगळं आलेलं होतं. मनीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी गप्प.

"काका," ती म्हणाली, "माझाच नकार आहे. मला एवढ्या लांब जायचं नाही."

सुभेदार लाल झाले. हे आधी सांगायचं होतं, आम्ही दोनदा आलो, शिकलेल्या मुलींचं हे असंच, वगैरे पुष्कळ झालं. मनीनं सगळं ऐकून घेतलं. पेढे मात्र मी सोडले नाहीत. कंदी पेढा ताजा असतानाच खावा, नंतर त्यातली भाजकी चव जाते. निघताना कुमुदताई दारापर्यंत आली, मनीच्या केसांवरनं हात फिरवला आणि दोघी हळू काही बोलल्या. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि मनीनं आजतागायत सांगितलेलं नाही.

परत येताना दहिवडी, म्हसवडवरनं आलो. तो रस्ता करणार असाल तर पाणी बरोबर ठेवा आणि उन्हाच्या अंगाला बसू नका. जसजसं पूर्वेला यावं तसतशी झाडं संपतात, माणसं कमी होतात, मेंढरं वाढतात. मला घर जवळ आल्यासारखं वाटतं. मनी खिडकीला डोकं लावून रडली, वाऱ्यानं डोळ्यांत कचरा गेला म्हणाली. मी वाऱ्याला दोन शिव्या घातल्या. म्हसवडच्या पुढं तिनं डोळे पुसले.

"आज्जे, चांगला होता गं तो."

"कोण?"

"तोच. जो नव्हता तो."

घरी आल्यावर सगळी आळी जमली. इंटरनेट कसं असतं म्हणून विचारायला लागली. नवऱ्याचं काय झालं ते आधी विचारायचं सोडून. मी सांगितलं, एक बाई साताऱ्यात बसून अमेरिकेतल्या लेकाला हाका मारत होती, ती हाक सांगलीत आमच्या पोरीला ऐकू आली. कुणाला काही कळलं नाही. लेकाला सांगितलं, मुलगा दातानं कच्चा निघाला. तो समजायचं ते समजला.

एवढ्या प्रवासातनं काय राहिलं, असं मला कुणी विचारलं तर न्यूझीलंडची मेंढरं राहिली. आणि बाकीचं शनिवारी कळलं. मनीला सोमवारी क्लासला जायचं होतं, पण ती शनिवारीच पिशवी भरून स्टँडवर उभी. रविवारी काम आहे म्हणाली. नवीन ड्रेस नव्हता, साधाच होता. कसलं काम ते मी विचारलं नाही. एसटी सुटताना खिडकीपाशी जाऊन एवढंच म्हटलं, "तिला म्हणावं, हितनं पुढं स्वतःच्या नावानं लिव्ह."

"ते मी त्याच दिवशी सांगून आलेय," मनी म्हणाली, आणि काच वर सारली.