अस्वल हाकेला आलं

कुवैतच्या वाळवंटात अस्वल नसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण परभणीला ही हकीगत सांगितली की ऐकणारे एकमेकांकडे बघून हसतात आणि माझं डोकं फिरतं. अस्वल नसतं, पण पैसा असतो, आणि पैसा असला की अस्वल आणता येतं. एका कुवैती गृहस्थांनी ते पिल्लू असतानाच कायदा गुंडाळून ठेवून कुठूनसं आणवलं होतं. शहरात, सलवा भागातल्या घरी मुलांनी त्याला बाटलीने दूध पाजलं, फोटो काढले. त्याने सोफा फाडला तशी त्याची रवानगी खैरानच्या आतल्या अंगाला, वाळवंटातल्या जाखूरवर झाली. जाखूर म्हणजे शेळ्या-उंटांसाठी कुंपण घातलेलं आवार. तिथेच मालकांचे ससाणेही असायचे.

मी जनावरांच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. पांढरा कोट घातला की इथे सगळेच डॉक्टर म्हणतात. आधी मी दुरुस्त करायचो, मग नाद सोडला. ससाण्यांची नखं घासायला, औषधं द्यायला माझी त्या जाखूरवर नेहमीची फेरी असे. अस्वल म्हणाल तर लहानपणी दरवेशी दारावर घेऊन यायचा तेवढंच पाहिलेलं. त्याचा केस ताईतात घालून आईने माझ्या गळ्यात बांधला होता. भीती जाते म्हणे. काही जात नाही.

जाखूर सांभाळणारे रायगडकडचे कोकणी मुसलमान होते, पन्नाशी उलटलेले. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्या उजाड रानात दोन मराठी माणसं भेटली की गप्पांना काय तोटा! ससाण्यांचं सगळं ते मालकांकडून शिकले होते आणि अस्वलाचं कुणाकडूनच नाही. त्याला ते बाय म्हणत, कोकणात लेकीला म्हणतात तसं. अस्वल मादी होती हे खरं, पण मी आपला ‘ते अस्वल’ म्हणायचो आणि चाचा दर वेळी ‘ती’ म्हणून मला सुधारायचे. स्वतःच्या मुलीला त्यांनी मोठं होताना फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. हिला मात्र हाताने भरवलं होतं.

ससाणा पाळणाऱ्यांचा एक नियम आहे. पक्ष्याला हाक मारली की खायला द्यायचंच. रिकाम्या हाताने बोलावलं तर पुढच्या वेळी तो आभाळातून खाली बघतसुद्धा नाही. मालक या बाबतीत फार कडक. एकदा त्यांच्या चुलतभावाने गंमत म्हणून पक्ष्याला उगाच हाक मारली, तर मालकांनी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने केली होती. चाचांनी अस्वलालाही तीच सवय लावली. घमेल्यात खजूर टाकायचे, घमेलं वाजवायचं, "बाय, ये गो" म्हणायचं. ते जिथे असेल तिथून डुलत यायचं.

मार्चमध्ये धुळीचं मोठं वादळ झालं, त्यात पिंजऱ्याचं दार उखडलं आणि अस्वल पसार झालं. दोन दिवस कुणाला कळू दिलं नाही. मग शेजारच्या जाखूरवाल्याने शेळी फाडलेली दाखवली आणि पोलिसांत जायची भाषा केली, तेव्हा मालकांनी दवाखान्यात फोन लावला. आमचे खरे डॉक्टर रजेवर केरळात. बेशुद्ध करायची डार्ट गन घेऊन मला पाठवण्यात आलं.

पोचलो तर माग आधीच सापडला होता. वाळूत एखादा जाडा माणूस अनवाणी चालत गेल्यासारखी पावलं. पलीकडच्या एका ओसाड पडलेल्या शेतात, झावळ्यांच्या ढिगाआड ते शिरलं होतं. मालक आणि त्यांचा तो चुलतभाऊ जीप लावून बसले होते, कॉफी चालू होती. मागच्या सीटवर रायफल आडवी ठेवलेली. मी ती पाहिली. चाचांनीही पाहिली.

मालक खुशीत होते. दोन हिवाळे ते थंड मुलखात अस्वलाच्या शिकारीला जायचं म्हणत होते आणि दोन्ही वेळा बेत फिसकटला होता. फोनवरच्या शिकारीच्या चित्रफिती त्यांनी मलाही दाखवल्या होत्या, ससाण्याची नखं माझ्या हातात असताना. त्यांनी माळढोक मारले होते, ससे मारले होते. अस्वल नव्हतं मारलं.

डार्ट लांबून लागत नाही. जनावर जवळ यायला हवं आणि एका जागी थांबायला हवं, एवढं मी सांगितलं. सगळ्यांच्या नजरा चाचांकडे वळल्या. ते घमेलं पोटाशी धरून उभे होते.

"मारणार नाय ना, बाबा?" त्यांनी मालकांना हिंदीत विचारलं आणि खात्रीसाठी अरबीतही विचारलं.

मालक हसले. "मग डॉक्टरला कशाला बोलावलं? तू हाक मार. तिला पोटभर खाऊ घालू." असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तुमी हात ना?"

"आहे की चाचा. बिनधास्त बोलवा," मी म्हणालो. मला तसं मनापासून वाटत होतं.

चाचा एकटेच पुढे गेले. उघड्यावर बसले आणि घमेलं वाजवलं. "बाय, ये गो. बाय." बराच वेळ काही हाललं नाही. मग झावळ्यांमधून ते बाहेर आलं. दोन दिवसांत उतरलं होतं, अंगावर धुळीचे थर, पुढचा एक पाय उचलून टाकत होतं. आम्हाला पाहून थबकलं. चाचांनी पुन्हा घमेल्यावर थाप दिली, तसं आमच्याकडे न बघता सरळ त्यांच्यापाशी गेलं आणि खजुरात तोंड घातलं. चाचा त्याच्या मानेतली कुसळं काढत हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी डार्ट गन खांद्याला लावली. चाचा बाजूला सरकले की मारायचं, असं आमचं ठरलं होतं.

मालक माझ्या मागे उभे होते. "थांब," ते पुटपुटले. "खाऊ दे तिला." मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं. पाहा माझी अक्कल.

अस्वलाने घमेलं चाटूनपुसून साफ केलं. चाचा उठले, चार पावलं मागे आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. आवाज माझ्या कानाजवळून झाला. माझ्या बंदुकीला असा आवाज नसतो. अस्वल बसल्या जागी पुढे कोसळलं, मग उठायला बघू लागलं, चाचांच्या दिशेने. दुसरा बार झाला तेव्हा ते निपचित पडलं.

मी मराठीत शिव्या घातल्या. अगदी आमच्याकडच्या, ठेवणीतल्या. चाचांखेरीज कुणाला कळल्या नाहीत, म्हणून नोकरी राहिली. मालक शांत होते. पोलीस आले असते तर त्यांनी तरी काय केलं असतं, असं म्हणाले. आणि हाक मारून उपाशी तर मारली नाही. पोटभर खाऊ घालीन म्हणालो होतो, घातलं. त्यात त्यांना खरोखरच काही वावगं वाटत नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. माणसाने दिलेला शब्द अक्षरशः पाळला होता.

मग फोटो झाले. अस्वलाचं डोकं उचलून धरायला कुणीतरी हवं होतं. चाचांनी धरलं. चित्रात ते येऊ नयेत म्हणून त्यांना अस्वलाच्या धडामागे वाकून बसायला सांगितलं होतं. शेवटी मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "असा बोलावणारा मला जगात मिळायचा नाही. येत्या हिवाळ्यात मोठ्या शिकारीला जाऊ. तुला घेऊन जाणार."

"हादिर, बाबा," चाचा म्हणाले. हुकूम, मालक. दुसरं काय म्हणणार होते? घरी लेकीचं लग्न ठरलेलं.

पुरायला दोन कामगार आले. चाचांनी त्यांच्या हातून फावडं काढून घेतलं आणि एकट्यानेच खड्डा खणला. दुपार कलली तेव्हा मी त्यांना माझ्या गाडीतून जाखूरवर सोडायला निघालो. माणूस अशा वेळी काहीतरी बरं बोलायला जातो आणि घोटाळा करतो.

"चाचा, तुम्ही बोलावलं नसतं तर ती उपाशी मेली असती," मी म्हणालो. पहिल्यांदाच माझ्या तोंडून ‘ती’ गेलं.

ते खिडकीबाहेर बघत होते.

"उपाशी मेली असती तरी चाललं असतं, डॉक्टर," ते म्हणाले. "माझ्या हाकेवर नको होती येयाला."