लग्नावाचून मांडव

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये मीना भोयेचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. लांबलचक टेबलांपाशी बायका कात्र्या घेऊन द्राक्षांचे घड साफ करत उभ्या असायच्या आणि मीना त्यांच्या पाठीमागून फिरत असायची. कुठे मणी फुटलेला दिसला, कुणाची कात्री रेंगाळली, कुणी पोर तापाने फणफणत असतानाही कामाला आली, हे तिच्या नजरेतून सुटायचं नाही. रागवायचीही तीच आणि घरी पाठवून वर गोळी आणून द्यायचीही तीच. ती स्वतः याच टेबलावर उभी राहून वर आली होती. त्याआधी, अगदी लहानपणी, आईबापांच्या मागे पेठच्या डोंगरातून दिंडोरीच्या बागांमध्ये यायची. आता तिचं पिंपळगावात पक्कं घर होतं, नवऱ्याचा, मनोजचा, स्वतःचा टेम्पो होता आणि माहेरचं सादडपाडा वर्षातून दोनदा दिसलं तरी खूप, असे दिवस होते.

त्या हंगामात तिच्या लाईनला तृप्ती नावाची एक नवीन मुलगी आली. हात चपळ, बोलणं कमी. सबंध हंगाम ती मीनाच्या समोर उभी राहून काम करत होती. मीना तिला "ए पोरी" म्हणायची, ती मीनाला "ताई" म्हणायची. इतकीच ओळख.

हंगाम संपता संपता सादडपाड्याहून फोन आला की लहानूकाका गेले. लहानूकाका म्हणजे मीनाचे सख्खे चुलते. त्यांच्या दिवसकार्याला मीना गावी गेली. अंगणात बायकांमध्ये बसली होती, तोच घरातून पाण्याची कळशी घेऊन तृप्ती बाहेर आली.

मीना तिच्याकडे बघतच राहिली. "तू इथं कशी?"

तृप्तीही गोंधळली. "ताई, हे माझे आजोबा. तुम्ही कोणाकडच्या?"

लहानूकाकांचा थोरला मुलगा लग्न झाल्यावर बागेच्या कामाला म्हणून दिंडोरीकडे गेला तो तिकडचाच झाला होता. ही त्याची मुलगी. म्हणजे मीनाच्या चुलतभावाची लेक, तिची भाची.

"ताई कसली म्हणतेस," मीना म्हणाली, "मी तुझी आत्या आहे गं."

सगळ्या बायका हसल्या, त्या दुःखाच्या घरातही हसल्या. मीनाही हसली. पण परतीच्या वाटेवर टेम्पोत बसल्यावर तिला काही चैन पडेना. आपल्या रक्ताची मुलगी महिनोन् महिने समोर उभी होती आणि आपण तिला नुसतं पोरी म्हणत होतो.

"आपण भेटतो ते फक्त रडायला," ती मनोजला म्हणाली. "कुणी गेल्यावर. तेही ज्याला सुट्टी मिळेल तो येतो."

"मग हसायला भेटा," मनोज गाडी चालवता चालवता म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. मीनाच्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला.

जागा तिच्या भावाने, काळूने सुचवली. सादडपाड्याच्या वरच्या अंगाला ओहोळाच्या काठी गावच्या वनसमितीने एक शिबिर उभारलं होतं. सिमेंटच्या ओट्यांवर तंबू, एक कौलारू हॉल, चुलींची शेड. नाशिक-मुंबईची माणसं शनिवार-रविवारी तिथे राहायला येत आणि काळू तिथली देखरेख करी. गावात सगळे त्याला क्यांप म्हणत.

"मे महिन्यात उन्हामुळं कोणी फिरकत नाय, ताई," काळू म्हणाला. "समितीला मी इचारतो. आपलीच माणसं हायेत, नाय कशाला म्हनतील?"

काकांचं वर्ष होईपर्यंत थांबायचं, पुढच्या मे महिन्यात सगळ्यांनी जमायचं असं ठरलं. तृप्तीने मोबाईलवर ग्रुप काढला. ज्यांच्याकडे तसला फोन नव्हता त्यांना मीना रोज कामावरून आल्यावर एकेक फोन लावायची. भांडी घासायची राहायची, पण फोन राहायचा नाही.

खरी कसरत तारखेची होती. द्राक्षवाल्यांची एप्रिलची छाटणी उरकायला हवी, देवळ्याकडे कांद्याला गेलेले परतायला हवेत, सासरच्या लग्नांच्या तिथी टाळायला हव्यात आणि भाताची रोपं टाकायच्या आत सगळं आटोपायला हवं. सातपूरच्या कारखान्यात असलेला चुलतभाऊ किशोर रोज नवीन काहीतरी सुचवायचा. एकाच रंगाचे टीशर्ट शिवून घेऊ, केटरिंगवाला सांगू, पनीर ठेवू. मीना त्याला म्हणायची, "किशोर, आधी माणसं तर जमू दे, मग पनीरचं बघू." तरी मे महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार सगळ्यांच्या तोंडून एकदाचा कबूल करून घेतला तेव्हा मीनाला वाटलं, जिंकलो.

आणि तिथेच गाडी अडली. सुरगाण्याकडे राहणारी भागीबाई येणार नाही, असा निरोप आला.

भागीबाई ही मीनाच्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांच्या पिढीतलं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. तिची मुलं, सुना, नातवंडं मिळून निम्मा गोतावळा तिच्याच घरचा. मुलांनी स्पष्ट सांगितलं, "आई येत नाय म्हनते. तिला टाकून आमी कसं यायचं?" हे कळल्यावर इतरांचाही उत्साह मावळला. थोरली आत्याच नसेल तर जमायचं कशाला, असं एकाने म्हटलं आणि ग्रुपवर दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही.

मीना रजा काढून एसटीने सुरगाण्याला गेली. भागीबाई ओट्यावर नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसली होती. पाठ वाकलेली, पण हात झपाझप चालत होते. चहा झाला, विचारपूस झाली. मग मीनाने विषय काढला.

"आत्या, तू का येत नाहीस? कुणी काही बोललं का तुला?"

"कोन काय बोलंल मला?" भागीबाईने सूप खाली ठेवलं. "काळ्याच्या क्यांपात पालं हायेत ना? कापडाची?"

"तंबू आहेत. चांगले आहेत, आत्या. शहरातली माणसं हौसेनं येऊन राहतात."

"राहू दे त्यांना. त्यांनी कधी प्लॅस्टिकचा कागद धरून रात काढली नाय." तिने पदराने हात पुसले. "तुला ठावं नाय. तू तवा तान्ही व्हतीस. दिंडोरीकडं आमी समदे एकाच बांधाला व्हतो, तुझा बाप, तुझी आय, मी. कागदाचं पाल. एके दिशी गारा आल्या. पाल उडालं ते बागंच्या तारांवर जाऊन लटाकलं. पीठ भिजलं, सरपन भिजलं. तुझी आय बाळंतपनाची, तिला उठाया व्हईना. मी तुला पोटाखाली घेतली आन् वाकून बसले. गारा माझ्या पाठीवर पडत व्हत्या आन् तू खालून रडत व्हतीस."

हे तिला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

"हे घर बांधलं ना, तवा भिताडाला हात लावून म्हनले, आता मरेस्तोवर भिताडाच्या आत. कापडाखाली पाठ टेकायची नाय. तू बोलव समद्यांना, माझा राग नाय. मला नको वढू."

मीनाला तिची समजूत घालावीशी वाटली नाही. काय म्हणून घालणार? ती आत्याच्या पाठीवरून हात फिरवत थोडा वेळ बसली आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघाली. रस्ताभर तिला त्या चकचकीत तंबूंचे फोटो आठवत राहिले. ते तिनेच कौतुकाने सगळ्यांना पाठवले होते.

"रद्द करूया," घरी आल्यावर ती म्हणाली. काळूही त्या दिवशी टेम्पोतून आंबे पोचवायला आला होता. तो मान खाली घालून बसला. तंबू काढून टाकता आले असते, पण मग एवढी माणसं उन्हात बसवायची कुठे? हॉल तर म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनीच भरून जाणार.

मनोज जेवत होता. तो घास गिळून म्हणाला, "लग्नाला बरी येतात सगळी. दारात मांडव दिसला की कोणाला बोलवावंसुद्धा लागत नाही."

मीनाने हातातलं काम टाकून काळूकडे पाहिलं.

"काळू, क्यांपात मांडव घालता येईल?"

"घालता येईल की," काळू म्हणाला, आणि लगेच सावध झाला. "पन जंगलातली एक डहाळी तोडू देनार नाय मी. आपलाच नियम हाय."

"जंगलातलं कशाला? ज्याने त्याने आपल्या बांधावरचं आणायचं. घरटी मांडवाच्या खांबाला एक मेढ आणि वर घालायला डहाळ्यांचा भारा. मनोजचा टेम्पो आहेच."

पुढच्याच रविवारी मीना पुन्हा सुरगाण्याला गेली. या वेळी चहा होईपर्यंतही तिला धीर धरवला नाही.

"आत्या, मांडव घालायचाय. मेढ रोवायला तू लागशील."

"लगीन कुनाचं?"

"कुणाचंच नाही."

भागीबाईने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "लगीन नाय आन् मांडव? लोकं येडं म्हनतील."

"म्हणू देत. आत्या, तुझ्या सगळ्या भावांची लेकरं एका सावलीत बसलेली मला बघायची आहेत. तंबूत तू नको झोपू. हॉलला विटांच्या भिंती आहेत, तिथं भिंतीकडेची जागा तुझी."

म्हातारीने पदर खोचला. मग म्हणाली, "मेढ कशाची?"

"तू सांग."

"उंबराची. आमच्या बांधाला हाय." आणि एकदा तोंड उघडल्यावर ती थांबेचना. नागली कोण दळणार? उडीद कुणाकडचे? ते पनीर-फिनीर काय म्हणत होता तो किशोर, त्याला सांग, भाकर आणि उडदाची आमटी होईल, वर आंबे. मीना हसत हसत सगळ्याला हो म्हणत गेली.

ठरलेल्या शनिवारी सकाळी मनोजचा टेम्पो जांभळाच्या आणि आंब्याच्या डहाळ्यांनी भरून वर चढला, तेव्हा आत माणसं आहेत की झाडं, हे कळत नव्हतं. भागीबाई आदल्या दिवशीच येऊन बसली होती आणि चुलींच्या शेडचा ताबा तिच्याकडे होता. माणसं येत गेली. बागेतून आली, कांद्याच्या चाळींवरून आली, एमआयडीसीतून आली. घरटी एक मेढ उभी राहिली. सगळ्यात शेवटी किशोर बायकोमुलांना घेऊन मोटारसायकलवरून आला. त्याच्या मुलाच्या हातात अशोकाची एक फांदी होती. सोसायटीच्या गेटाजवळच्या झाडाची.

"आम्हाला बांध नाही ना," किशोर ओशाळून म्हणाला. "दारात हेच आहे."

पोरं खिदळली. मोठ्यांनाही हसू आवरेना. भागीबाईने मात्र ती फांदी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "त्याच्या दारचं हाय ना? मग बांधा ते बी."

ती फांदी बरोबर मधोमध बांधली गेली.

दुपारी जेवणं चालू असताना वारा सुटला. मे महिन्यातला तो आडदांड वारा. धुळीचा लोट ओहोळाकडून आला आणि अख्खा मांडव करकरला. भागीबाईचा हात भाकरीवरच थांबला. मीनाने ते पाहिलं आणि ती ताटावरून उठून जवळच्या मेढीला जाऊन भिडली. तिला बघून मनोज उठला, काळू उठला, आत्याची मुलं उठली, किशोर उठला. ज्याला जी मेढ सापडली ती त्याने धरली. डहाळ्या सळसळल्या, पानं उडून आमटीत पडली, पोरं उडालेल्या पत्रावळींमागे धावत सुटली. थोड्या वेळाने वारा निघून गेला. मांडव जागच्या जागी होता.

भागीबाईने वर पाहिलं. "नाय उडलं," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "नाय उडलं गं!" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती हसतच होती.

जेवणानंतर तिने सगळ्या पोरांना समोर बसवलं आणि कोण कुणाचं ते स्वतः सांगितलं. तृप्तीला तिथे तिच्याच वयाची, नाशिकला नर्सिंग शिकणारी एक चुलतबहीण सापडली. दोघी मग कुणाला हाकेलाही सापडेनात. पोरांनी तंबूत झोपायचा हट्ट धरला तेव्हा सगळ्यांनी भागीबाईकडे पाहिलं. ती एका तंबूपाशी गेली, कापड बोटांत धरून चाचपलं आणि म्हणाली, "झोपा. यांना हौसच हाय तर झोपू दे." ती स्वतः मात्र हॉलमध्ये, भिंतीला पाठ लावून झोपली.

रविवारी सकाळपासून पुढच्या वर्षाचं भांडण सुरू झालं. आत्याची मुलं म्हणत होती सुरगाण्याला, दिंडोरीवाले म्हणत होते आमच्याकडे. मीना त्यात पडली नाही. ती दुपारी मांडवात टेकली, जरा पाय पसरावेत म्हणून, आणि तिचा डोळा लागला. इतक्या माणसांच्या गलक्यात, भर दिवसा, ती गाढ झोपली. चुलीपाशी कुणीतरी विचारलं, "मीनाताई कुठंय? तिला इचारा, भात किती टाकायचा." भागीबाईने ओठांवर बोट ठेवलं, आपल्या अंथरुणावरची गोधडी घडी करून हळूच तिच्या डोक्याखाली सारली आणि भाताचं आधण स्वतःच बघायला निघून गेली.