टेपखालचं नाव

नेरिडा व्हीलनचा भिडस्तपणा मला कधी पटला नाही. तसं तिच्या तोंडावर सांगितलंही आहे. ऑस्ट्रेलियात, होबार्टच्या आमच्या प्रयोगशाळेत मी सामानाच्या कोठीवर, ती पेशींवर. अस्थिमज्जेच्या पेशी वाढवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांना ताजं खाणं घालायचं. अकरा वर्षं हेच. नाताळलाही यायची. एकदा मी विचारलं, "घरी कुणी वाट बघत नाही का गं?"

"मांजर होतं," ती म्हणाली. "गेलं."

तिला पीएचडी करायची होती, हे फक्त मला ठाऊक. आमच्याकडे आधी प्राध्यापकाला पत्र लिहायचं. त्याने हो म्हटलं तरच शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा. आमच्या प्राध्यापक डेस्मंड टुलककडे वर्षाला एकच जागा आणि पत्रं दोनेकशे. ती सगळी नेरिडाच वाचायची, प्रत्येकाला उत्तर धाडायची आणि तीन निवडून डेस्मंडपुढे ठेवायची. नावांवर रंगीत टेप चिकटवून, कारण नाव-गाव बघून मत बनवायचं नाही हा त्याचा नियम. निवड सकाळच्या चहाला, सगळ्यांसमोर. गेल्या सप्टेंबरात त्याची शेवटची जागा होती; पुढे तो निवृत्त होणार.

निवडीच्या आदल्या दिवशी नेरिडा तिन्ही पत्रं घेऊन कोठीत आली. तिसरं पत्र तिचं स्वतःचंच होतं.

"सरळ जाऊन विचार ना त्याला!" मी वैतागलो.

"आणि नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं तर? टेप असली की त्याला माझी भीड पडणार नाही."

चहाला डेस्मंडने तिन्ही पत्रं वाचली. लॅमिंग्टन केक हातात तसाच ठेवून तिसरं पुन्हा वाचलं. "हे माणूस पेशींबरोबर राहिलंय," तो म्हणाला. "हेच हवं. कोण आहे?"

नेरिडाने टेप सोलली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मलाच ते सोसलं नाही. "झालं! आता पेशींना जेवायला कोण घालणार?" मी म्हणालो. सगळे हसले, डेस्मंडही. आमच्याकडे असंच. कुणी जरा पुढे सरसावलं की आधी चेष्टा, मग अभिनंदन. नेरिडा इथेच जन्मली, तिला का हे ठाऊक नव्हतं? पण अभिनंदनापर्यंत ती थांबलीच नाही.

"गंमत केली रे," ती म्हणाली. कान लालबुंद. "म्हटलं बघू, नीट वाचतोस तरी का." आणि तिने दुसरं पत्र पुढे सरकवलं.

जागा क्राइस्टचर्चच्या एका मुलीला गेली.

नोव्हेंबरात डेस्मंड हातमोजे न्यायला कोठीत आला. "त्या दिवशी मी तिला हो म्हणणार होतो रे," तो म्हणाला. "पण तिला नकोच होतं."

तिला सांगायचंच म्हणून तसाच निघालो. ती एकटी बसून उशिरा आलेल्या पत्रांना उत्तरं लिहीत होती. मी मागून वाचलं: 'यंदाची जागा भरली आहे. पण दुसरीकडे जरूर विचारा. विचारायला अजिबात लाजू नका.'

"काय रे?" तिने मान न वळवता विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "हातमोजे आलेत."