भाऊजींची क्रेन आणि बाभळीचा ठोकळा

ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली तेव्हा मी त्याच्या बोनेटवर बसले होते. मागे विहीर होती. विहिरीत माझा नवरा छातीभर पाण्यात एका दगडाखाली पाय अडकून बसला होता. तो दगड उचलायला माझ्या धाकट्या दिराने क्रेनची साखळी आत सोडली होती. दगड हलला नाही, ट्रॅक्टरच उचलला गेला.

“वहिनी, उतरू नका,” भाऊजी म्हणाले. “तुम्ही उतरल्या तं दादा गेला.” जेवताना मीठ मागायचे त्याच आवाजात.

ही क्रेन भाऊजींनी घरी बनवली होती. आष्टीकडे आमची संत्र्याची बाग होती. झाडांच्या फांद्यांखालून जावा म्हणून घेतलेला ट्रॅक्टर बुटका होता. त्याच्या मागे त्यांनी बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचा लोखंडी गर्डर बसवला. तो क्रेनचा हात. हात उचलणारा दट्ट्या भंगारातल्या टिप्परचा होता आणि त्यात तेल ढकलणारा पंप ट्रॅक्टरच्या इंजिनावर पट्ट्याने फिरायचा. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार? भाऊजी म्हणाले, “पिचकारी पाह्यली ना तुम्ही? तेच हाय. पिचकारी मोठी, पाण्याच्या जागी तेल.”

पहिल्यांदा त्यांनी कडुनिंबाचं खोड उचललं. दोन बैलजोड्यांनी ते जागचं हललं नव्हतं. भाऊजींनी बोटाएवढी दांडी ओढली आणि खोड सावकाश वर गेलं, मुळांची माती गाळत. गाव बघत होतं. मी देवळातही कधी इतकी गप्प उभी राहिले नव्हते.

भाऊजींना एक खोड होती. दिसेल त्या गोष्टीचं ते मनात वजन करायचे. त्यांच्यासाठी मुलगी बघायला आम्ही समुद्रपूरला गेलो. मुलगी पोहे घेऊन आली आणि भाऊजी आढ्याकडे बघत बसले. शेवटी मुलीच्या बापाला म्हणाले, “तुमचं आढं सागाचं दिसते. भारी असंन.” ते लग्न जमलं नाही. पुढेही कुठे जमलं नाही. त्याचं दुःख त्यांना झालेलं मी तरी पाहिलं नाही.

ट्रॅक्टर लहान आणि क्रेनचा हात लांब, म्हणून जड काही उचललं की पुढची चाकं अधांतरी व्हायची. पुढे वजन हवं. भाऊजींनी आधी सरकीची पोती ठेवून पाहिली, ती घसरून पडायची. मग अंगणात नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. “वहिनी, तुमचं बरं हाय,” म्हणाले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण पुढच्या वेळी हाक मारली तेव्हा जाऊन बसले. आमचे हे हसले. मी नवऱ्याला म्हटलं, “हसा. तुम्हाले बसवलं तं पाखरू बसल्यावानी होईन.”

सासूबाईंना क्रेन डोळ्यांसमोर नको असायची. “त्या भुतानं माह्या बागेचा ट्रॅक्टर खाल्ला,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

गाव जास्त हसायचं ते ठोकळ्याला. क्रेनचा हात जेवढा वर जाईल तेवढा भाऊजी त्याच्याखाली बाभळीचा ठोकळा सरकवायचे. तो सरकवल्याशिवाय टांगलेल्या ओझ्याखाली कुणाला जाऊ द्यायचे नाहीत.

“काऊन गा,” शेजारचे विचारायचे, “लाकडावरच टेकवाचं होतं तं तेल कायले भरलं?”

“तेल उचलते. धरून ठेवते लाकूड,” भाऊजी सांगायचे. “तेल पळून जाते. लाकूड कुठी जाते?”

भाऊजी आता नाहीत. तापाने गेले. क्रेन भंगारात गेली. मी अजून शिडीवर चढण्याआधी तिच्या पायाशी दगड लावते. नातसुना हसतात. हसू देत.

विहिरीचं ते झालं तो उन्हाळा होता. हे विहिरीतला गाळ काढायला उतरले होते आणि कडेची दरड सुटली. गाळातलं पाणी उपसणारा पंप तिच्याखाली गाडला गेला, आणि झरा तर जिवंत होता. पाणी चढायला लागलं. आमचा सालदार गडी किसना न सांगता दोराने आत उतरला आणि त्याने दगडाला साखळी घातली. भाऊजींनी दांडी ओढली. मग चाकं उचलली गेली, ते सांगितलंच.

बोनेट तव्यासारखं तापलं होतं. मी हलले नाही. तेवढ्यात सासूबाई आल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाल्या, “सरक वं तिकडं.” ज्या यंत्राला रोज शिव्या दिल्या त्यावर ती म्हातारी चढून बसली. चाकं टेकली. मागे क्रेनचा हात वर जायला लागला.

“उचलला,” खालून किसना ओरडला. “मालकाले ओढू का?”

“थांब,” भाऊजी म्हणाले.

“पाणी गळ्याशी आलं, भाऊ.”

“थांब म्हनलं ना.”

त्यांनी ठोकळा उचलला, क्रेनच्या हाताखाली सरकवला, बाजूने एक घण मारून घट्ट बसवला. मग म्हणाले, “ओढ.”

किसना दगडाखाली वाकला असेल नसेल, तोच तेलाची नळी फुटली. भाऊजी डोक्यापासून तेलाने माखले. क्रेनचा हात धाडकन ठोकळ्यावर बसला. ठोकळा करकरला. सासूबाईंनी माझा दंड धरला, त्याचे वळ पुढे कितीतरी दिवस राहिले. विहिरीतून आवाज येईना. भाऊजींनी तोंडावरचं तेलही पुसलं नाही. त्या ठोकळ्याकडे बघत उभे राहिले.

मग किसनाचा आवाज आला. “खाट सोडा खाली.”

यांचा डावा पाय कायमचा आखूड झाला. किसनाला खरचटलंसुद्धा नाही. विहिरीतून दोघंही जिवंत वर आले.