बारशाला लावलेली रेकॉर्ड

मुलांनो, आज शिऱ्यासाठी वेलदोडे कुटले आणि लीड्समधली आमची स्वीडिश शेजारीण आठवली, कारण तिच्या गोड बनपावांना हाच वास असायचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुमच्या बाबाचं बारसं होतं. पाळणा म्हणायला कोणी नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मला एकही येत नव्हता, आणि मुंबईहून आलेल्या सासूबाईंचा थंडीनं घसा बसला होता. शेजारणीनं मला एक रेकॉर्ड दिली होती. त्यात एका लोकगायकानं जुन्या स्वीडिश कविता आणि गाणी गिटारवर नव्यानं गायली होती. शब्द कळत नसत, पण एक गाणं अगदी पाळण्याच्या लयीत चालायचं. मी तेच लावलं आणि बायका पाळण्याची दोरी ओढू लागल्या. इतक्यात शेजारीण बनपाव घेऊन दारात आली आणि पांढरीफटक पडली. "बंद कर ते!" ती इंग्रजीत म्हणाली. "त्यात आई आपल्या मेलेल्या बाळाला निरोप देते आहे." घाईनं सुई उचलताना रेकॉर्डवर ओरखडा उठला. "काय गं, काय म्हणाली ती?" सासूबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "आवाज फार मोठा आहे म्हणते," मी त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले. शेजारणीनं बनपाव खाली ठेवले, दोरी हातात घेतली आणि आपल्या आईची अंगाई म्हटली. पुढे वर्षभर बाळ नुसतं शिंकलं तरी मी दचकायचे. हल्ली तुमचा बाबा फोनवर गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतो, ते मी फार समाधानानं ऐकते.